उसनी पिसं

संक्रांतीला आली ती करीच्या पहाटे मेली,
टोपलीत, एका कुशीवर, डोळा उघडा.
नायलॉनचा मांजा हाडापर्यंत गेलेला.
तांबोळी मॅडमनी तो चिमट्यानं काढून बशीत ठेवला
तेव्हा इतका हलका, इतका हिरवट,
की वाटावं, कुणाची तरी उष्टी शेवई.

मी तिचा उजवा पंख सोडवला.
पिसं वर्तमानपत्रावर मांडली, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत,
आणि पाकिटांवर पेन्सिलीनं लिहिलं:
घार. उजवा. सात.
घार. उजवा. आठ.
कपाटाच्या तिसऱ्या खणात, डांबरगोळ्यांच्या वासात
आमच्याकडे असा एक थवा आहे
ज्यात पक्षी नाहीत.

हे मी घरी सांगत नाही.
येवल्याला अण्णा आसाऱ्या करतात,
नाशकात जिला चक्री म्हणतात ती.
त्यांची आसारी फिरली की भुंग्यासारखी घुमते,
तीन गल्ल्यांपलीकडून ओळखू येते.
"आपला धागा सुती, भाताच्या खळीचा," ते म्हणतात,
"आपल्यानं पाखरू कापत नाही."
त्या खळीत घालायची काच कोण कुटायचं, अण्णा?
आठ वर्षांची मी. फडक्यात बांधून, खलबत्त्यात.
अंगठ्यावर ती रेघ अजून आहे.

फाल्गुनात दिंडोरीहून फोन आला.
द्राक्षबागेच्या जाळीत एक घार,
रात्रभर फडफडलेली.
बागवाला भला माणूस. त्यानंच जाळी कापली,
चारशे रुपयांचं भोक, म्हणाला, जाऊ द्या.
हाड शाबूत. कातडं शाबूत.
फक्त उजवीकडची सात, आठ, नऊ
मधोमध मोडलेली, झिजल्या खराट्यासारखी.
उडायला गेली की कलायची
आणि भिंतीशी बसून राहायची,
आपलं काय चुकलं ते न कळून.

हिरामणनं तिला टॉवेलात धरलं.
(नाव हिरामण, आणि जन्मभर पोपटांचे चावे खातोय.)
मॅडमनी बांबूची काडी तासली, दातकोरण्याहून बारीक.
मोडकं पीस मुळाशी कापलं की
दांडा बोरूसारखा पोकळ निघतो.
अर्धी काडी जिवंत घारीत,
अर्धी मेलेलीच्या पिसात,
मधे एक थेंब, चप्पल चिकटवायचा असतो तोच.
सात.
आठ.
नवव्याला माझी पाळी.
मी पिसाची धार जुळवून धरली, पाच मिनिटं, श्वास रोखून.
ओठ आवळलेले होते ते नंतर कळलं.
आसारीच्या चकतीत दांडा बसवताना
अण्णा असेच आवळतात.

रंग जुळला नाही. मेलेली जास्त काळी होती.

चैत्रात गंगापूरच्या फुगवट्याला नेली.
पेटीचं दार उघडलं.
ती चालत बाहेर आली, बदकासारखी फेंगडी,
मग एका झेपेत विजेच्या खांबावर,
आणि तिथंच बसली.
पाऊण तास.
वनखात्याच्या पोरानं मोबाइल धरून धरून हात बदलले.
हिरामण म्हणाला, हिला बसनं त्र्यंबकला सोडू या का?
आम्ही थर्मासातला चहा ओतला,
आणि कपांत बघत होतो तेवढ्यात
खांब रिकामा.

वर पाहिलं तर दोन होत्या. मग चार.
त्यातली आपली कोणती?
तीन पिसं काळी, एवढीच खूण,
आणि ऊन सरळ डोळ्यांत.

पावसाळ्यात गळतील ती.
आतून तिची स्वतःची ढकलतील त्यांना,
दुधाचे दात ढकलतात तशी.
कुठल्यातरी उसात, पत्र्यावर, धरणाच्या भिंतीवर
उसनं पडून जाईल,
परत कुणाला करायचं हे न विचारता.

रात्री अण्णांचा फोन.
जेवलीस का. ऊन किती आहे तिकडं.
मग जरा थांबून,
"ती तुझी... गेली का उडून?"
मी सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असणार.
गेली, म्हटलं.
पलीकडं आसारी घुमत होती,
एवढा वेळ, मला आत्ता ऐकू आलं,
कारण ती कुणीतरी हातानं धरावी तशी
थांबली.